राखेचं कापड

सोलापुरात कापड हातात आलं की माणूस आधी ते दोन बोटांत धरून चोळून बघतो. चादर असो, टॉवेल असो, चाटी गल्लीतून आणलेला ब्लाउजपीस असो. सूत कसं आहे, वीण घट्ट आहे का, धुतल्यावर आटेल का, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. आमच्या घरात मात्र एक कापड असं होतं की ते आधी जाळायचं आणि मग वापरायचं. जाळल्यावर त्याला बोट लावायचं नाही. जवळ बसून जोरात शिंकायचंही नाही.

ते होतं गॅसबत्तीचं मेंटल.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणायचो, दिवसा मिलमध्ये असायचे आणि रात्रीसाठी बत्त्या भाड्याने द्यायचे. आधी बारा वर्षं कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, मग साच्यावर, म्हणजे मागावर. चौदा बत्त्या होत्या त्यांच्याकडे. वरात, कीर्तन, जागरण-गोंधळ, जिथे अंधार पडल्यावर माणसं जमायची तिथे आण्णांच्या बत्त्या जायच्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, होम मैदानावर खेळण्यांची आणि बांगड्यांची पालं लागायची, त्यांतली चार-पाच पालं आण्णांची ठरलेली गिऱ्हाइकं होती. पुढे मिल बंद पडली, मांडववाल्यांनी जनरेटर आणले आणि बत्त्यांना विचारणारं कुणी राहिलं नाही. मी पाहिला तो या धंद्याचा अगदी शेवट. तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन.

दुपार कलली की आण्णा अंगणात पोतं अंथरायचे. टाकीत रॉकेल ओतायचं, पितळ चिंचेने घासायचं, काच फडक्याने पुसायची, ही कामं माझ्याकडे. मेंटल बांधायचं काम मात्र त्यांचंच. आधी बत्तीच्या तोंडाशी जुन्या मेंटलचे पांढरे तुकडे चिकटलेले असायचे. आण्णा ओठ जवळ नेऊन ते फुंकायचे. फू. पांढरी भुकटी उन्हाच्या तिरिपेत क्षणभर तरंगायची आणि दिसेनाशी व्हायची. मग पाकिटातून नवं मेंटल निघायचं, तान्ह्या बाळाच्या पायमोज्याएवढी मऊ जाळीदार पिशवी. ती चिनीमातीच्या तोंडावर चढवून आण्णा दोरा आवळायचे आणि चुण्या चहूबाजूंनी सारख्या करत बसायचे. "चुणी एकीकडं गोळा झाली की तिथंच भोक पडतंय," असं म्हणायचे. जन्मभर ताणा बघितलेला माणूस. चुणीवरून बोट फिरवताना त्यांच्या कपाळावर जी आठी यायची ती मला अजून दिसते.

आणि मग हाक यायची : "दार लाव गं! वारं येलालंय!"

मी पळत जाऊन दार लावायची. काडी लागली की मेंटल खालून पेट घ्यायचं. जळक्या सुताचा वास, थोडा धूर, काळी कड वरवर सरकत जायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूच आलं, कारण नवं कोरं कापड डोळ्यांदेखत जळालं होतं. पण खाली काहीच पडलं नाही. जिथे कापड होतं तिथे पांढऱ्या राखेची पिशवी लोंबत होती, टाका न् टाका जागच्या जागी. सूत गेलं होतं आणि वीण राहिली होती.

"काय बघलालीस? श्वास हळू घे," आण्णा म्हणाले. मग पंप. रॉकेलची वाफ वर चढली, राख फुगली, आधी निळसर, मग पिवळट, आणि मग फुर्र आवाज करत सगळं अंगण पांढरंशुभ्र झालं. तुळशीच्या पानापानाची सावली भिंतीवर पडली.

त्या राखेचं नाव मला पंधरा वर्षांनी कळलं. थोरियम.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गायगर काउंटरचा, म्हणजे किरणोत्सार ठोक्यांनी मोजणाऱ्या नळीचा, प्रयोग असतो. प्रयोगशाळेतला किरणोत्सारी स्रोत त्या आठवड्यात मिळाला नव्हता, म्हणून सरांनी विचारलं, कुणाच्या घरी जुनी गॅसबत्ती आहे का? माझा हात वर गेला. आण्णा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. माळ्यावर त्यांचा पत्र्याचा बिस्किटाचा डबा होता, त्यात पिना, वॉशर, स्पिरिटची छोटी बुधली आणि न उघडलेली सहा मेंटलं. एक पाकीट रुमालात गुंडाळून मी घेऊन गेले.

आधी नळीसमोर काहीच न ठेवता मोजलं. मिनिटाला तिसेक ठोके. एवढे ठोके कुठल्याही खोलीत येतात. जमिनीतून, विटांतून, आकाशातून येणारा हा किरणोत्सार आपल्या सगळ्यांच्या अंगावरून रोज जातो. मग मेंटलचं पाकीट नळीसमोर धरलं. पत्र्याच्या घरात राहिलेल्याला तो आवाज ओळखीचा वाटेल. आधी टप, टप, असे सुटे थेंब आणि मग एकदम सर कोसळते, तसं झालं. ठोके कानांनी मोजता येईनात. पाकीट अजून उघडलंही नव्हतं.

सगळे खूश झाले, प्रयोग छान आला. मी त्या आवाजाकडे बघत बसले. तीस वर्षं हे आमच्या अंगणात होतं.

तेव्हा माझी एक समजूत झाली, आणि ती वर्षभर तशीच राहिली. मला वाटलं बत्तीचा तो पांढरा उजेड म्हणजेच किरणोत्सार. अजूनही पुष्कळांना तसं वाटतं. ते खरं नाही. थोरियम अजिबात किरणोत्सारी नसतं तरी आमचं अंगण तसंच उजळलं असतं. मेंटलचं काम चालतं ते थोरियमच्या अगदी दुसऱ्या गुणावर. थोरियम ऑक्साइड वितळायला सुमारे ३३०० अंश सेल्सियस लागतात. ऑक्साइडांमध्ये एवढं चिवट दुसरं नाही. रॉकेलच्या ज्योतीत ते ढिम्म राहतं. आणि तापल्यावर ते आपली ऊर्जा न दिसणाऱ्या उष्ण किरणांतून फारशी सांडून टाकत नाही, म्हणून तापतच जातं. पण गंमत अशी की निव्वळ थोरियमचं मेंटल मिणमिणतंच. त्यात शंभरात एक भाग सेरियमचा ऑक्साइड लागतो. थोरियम तापून राहतं आणि सेरियम ती उष्णता डोळ्यांना दिसेल अशा उजेडात बाहेर टाकतं. सेरियम वाढवलं तर उजेड पुन्हा कमी होतो. ९९ ला १. भाजीत मीठ पडतं तसं ते प्रमाण आहे, आणि ते सापडायला एका माणसाची सहा वर्षं गेली.

तो माणूस व्हिएन्नाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. हायडेलबर्गला तो बुन्सेनचा विद्यार्थी होता, प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचं नाव आहे तोच बुन्सेन. वेल्सबाख दुर्मिळ मृदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूलद्रव्यांवर काम करत होता. त्यांचे क्षार ज्योतीत धरून कुठला रंग दिसतो ते बघायचं, पण तारेच्या टोकावर थेंब तो केवढा राहणार? म्हणून त्याने सुती कापड त्या द्रावणात भिजवलं, वाळवलं आणि ज्योतीत धरलं. कापड जळालं आणि त्याच्या विणीचा सांगाडा लखलखत राहिला. १८८५ मध्ये त्याने मेंटलचं पेटंट घेतलं. पहिली मेंटलं मॅग्नेशियम, लँथॅनम, इट्रियम यांची होती, उजेड हिरवट पडायचा, माणसांचे चेहरे आजारी दिसायचे, आणि ती टिकायचीही नाहीत. धंदा बसला. १८९१ मध्ये थोरियम-सेरियमचं प्रमाण जुळलं, आणि विजेच्या दिव्यापुढे हार मानत चाललेला गॅसचा दिवा पुढची दोन-तीन दशकं युरोपच्या रस्त्यांवर उभा राहिला. हाच माणूस पुढे सिगारेट लायटरमधला ठिणगीचा खडा शोधून गेला, तोही सेरियमच्याच मिश्रधातूचा.

मला या गोष्टीत सर्वांत जवळचं वाटतं ते सुती कापड. प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ भिजवायला कापड घेतो आणि जळल्यावर वीण टिकलेली बघून थांबतो. आण्णांना हे सांगता आलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, सूत कुठलं होतं? त्याचंही उत्तर आहे. सुरुवातीला कापूस, मग रॅमी नावाच्या झुडपाचा धागा, मग कृत्रिम रेशीम, कारण त्याची राख जास्त लवचीक राहते आणि मेंटल लवकर जात नाही.

थोरियमचा शोध त्याच्याही आधीचा. नॉर्वेतल्या ब्रेविक गावाजवळच्या एका बेटावर मॉर्टन एस्मार्क नावाच्या पाद्र्याला १८२८ मध्ये एक काळा जड दगड मिळाला. दगड गोळा करायचा त्याला नाद होता. त्याने तो वडिलांकडे पाठवला, ते खनिजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनाही ओळखेना, म्हणून दगड स्टॉकहोमला बर्झेलियसकडे गेला. बर्झेलियस तेव्हाचा सर्वांत मोठा रसायनतज्ज्ञ. त्याने पुढच्याच वर्षी त्यातून नवं मूलद्रव्य जाहीर केलं आणि गडगडाटाचा देव थॉर, आपल्याकडच्या इंद्राचा भाऊच म्हणा, त्याचं नाव दिलं. हे नाव त्याने खरं तर १८१५ मध्येच एकदा वापरलं होतं. तेव्हा त्याला जे नवं मूलद्रव्य वाटलं ते इट्रियमचं फॉस्फेट निघालं. एवढ्या मोठ्या माणसाने चूक उघडपणे कबूल केली आणि नाव राखून ठेवलं. खरं मूलद्रव्य हाती आल्यावर ते त्याला दिलं. मी वर्गात हा भाग शिकवते तेव्हा अभ्यासक्रमात आहे त्यापेक्षा जास्त वेळ घेते. परीक्षेत यावर एक मार्कही नाही, पण चुकलेला शास्त्रज्ञ मुलांना दिसला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुढची सत्तर वर्षं थोरियम हा नुसता एक जड, चंदेरी, हवेत काळवंडणारा धातू होता. अणुक्रमांक ९०. १८९८ मध्ये जर्मनीत गेऱ्हार्ड श्मिट आणि पॅरिसमध्ये मेरी क्यूरी यांना एकमेकांच्या नकळत, काही आठवड्यांच्या अंतराने कळलं की युरेनियमसारखे किरण यातूनही निघतात. तोवर युरोपभर मेंटलं जळत होती. म्हणजे लोक आधी थोरियमच्या उजेडात बसले आणि मग त्यांना कळलं की ते किरणोत्सारी आहे.

आता मला दाराबद्दल सांगायचं आहे.

१८९९ मध्ये कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड आणि त्याचा सहकारी ओवेन्स थोरियमचा किरणोत्सार मोजत होते. युरेनियम मोजलं की आकडा स्थिर यायचा. थोरियमचा आकडा मात्र नाचायचा. आज एक, उद्या दुसरा. ओवेन्सच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेचं दार उघडलं की आकडा पडतो आणि दार लावलं की पुन्हा चढतो. वाऱ्याची झुळूक किरणांना कशी हलवणार? किरण हलत नव्हतेच. थोरियममधून एक वायू निघत होता, तो स्वतः किरणोत्सारी होता, आणि वारा त्या वायूलाच उडवून नेत होता. रदरफर्डने तो वायू वेगळा काढला. त्याचा किरणोत्सार साधारण मिनिटाभरात निम्मा होई, पुढच्या मिनिटात उरलेल्याचा निम्मा, मग त्याचाही निम्मा. आज आपण शाळेत अर्धायुष्य म्हणून जे शिकतो त्याची पहिली मोजणी ही. त्या वायूला आता थोरॉन म्हणतात, तो रेडॉनचाच एक प्रकार, आणि त्याचं अर्धायुष्य ५६ सेकंदांच्या आत आहे.

मग फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनतज्ज्ञ रदरफर्डला येऊन मिळाला आणि १९०२ पर्यंत दोघांनी सांगितलं की थोरियम हळूहळू दुसरंच मूलद्रव्य होत आहे. अणू बदलत नाही, हा रसायनशास्त्राचा पायाच. सोन्याचा लोभ धरून किमयागार ज्यासाठी हजारो वर्षं भट्ट्या पेटवत बसले, ते थोरियम कुणी न सांगता करत होतं. थोरियम-२३२ पासून साखळी सुरू होते, सहा वेळा अल्फा कण, चार वेळा बीटा कण (किरणोत्साराचे हे दोन प्रकार) बाहेर पडतात, मध्ये तो क्षणभंगुर वायू येऊन जातो, आणि शेवटी शिसं उरतं, साधं, स्थिर शिसं.

दार लाव गं, वारं येलालंय. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत आणि आमच्या अंगणात एकाच मूलद्रव्यासमोर बसून माणसं दाराकडे बघत होती. आण्णांना राखेची काळजी होती आणि ओवेन्सला आकड्याची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि घरभर फिरले.

थोरियम स्वतः मात्र घाईत नाही. त्याचं अर्धायुष्य १४०५ कोटी वर्षं. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी. पृथ्वी झाली तेव्हा तिच्यात जेवढं थोरियम होतं त्यातलं सुमारे ८० टक्के आज जसंच्या तसं आहे. म्हणून ते दुर्मिळही नाही. पृथ्वीच्या कवचात युरेनियमच्या तिप्पट-चौपट भरेल.

आपल्याकडे ते समुद्रकाठी आहे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळट कण दिसले. मोनाझाइट म्हणजे मेंटल कारखान्यांचा कच्चा माल, त्यात थोरियम असतं. दोर वळायला गेलेला काथ्या आणि त्याला चिकटलेली वाळू! मग तो माग काढत मानवलाकुरिचीच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथली वाळू जहाजांतून युरोपला जाऊ लागली, तिकडच्या रस्त्यांवर जळायला. स्वातंत्र्याच्या सुमाराला ही निर्यात थांबली. १९५२ मध्ये केरळात अलवायेला मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढे मुंबईच्या तुर्भ्यात, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियम नायट्रेट बनू लागलं, ते देशातल्या मेंटल कारखान्यांना मिळायचं. आण्णांनी समुद्र कधी पाहिला नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, एकदा गाणगापूर, एवढाच त्यांचा प्रवास. त्या किनाऱ्याची वाळू मात्र त्यांच्या बोटांतून रोज संध्याकाळी जात होती.

होमी भाभांनी या वाळूवरच देशाचं अणुऊर्जेचं गणित मांडलं. युरेनियम आपल्याकडे तुटपुंजं आणि मोनाझाइट एक कोटी टनांहून जास्त. अडचण ही की थोरियम आपणहून जळत नाही, म्हणजे एक अणू फुटून पुढचा फोडतो अशी साखळी अभिक्रिया त्यात पेटत नाही. ओल्या लाकडासारखं आहे ते. आधी दुसऱ्या कशाची तरी धग लागते. बाहेरून न्यूट्रॉन मिळाला की थोरियमचं प्रोटॅक्टिनियम होतं, आणि त्याचं पुढे युरेनियम-२३३. ते मात्र जळतं. या मधल्या प्रोटॅक्टिनियमचं अर्धायुष्य २७ दिवस, त्यामुळे थांबावं लागतं. शिवाय सोबत थोडं युरेनियम-२३२ तयार होतं, त्याच्या पुढच्या पिढ्या इतके प्रखर गॅमा किरण सोडतात की जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनीच सगळं करावं लागतं. म्हणून भाभांच्या योजनेला तीन टप्पे, थोरियम शेवटच्या, आणि म्हणून इतकी दशकं. कल्पाक्कमला कामिनी नावाची छोटी अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालते, औष्णिक क्षमता फक्त ३० किलोवॅट. एवढ्यावर आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या दोन-चार शेडही चालणार नाहीत. पण ती चालते, आणि मला तिचा अभिमान आहे. "थोरियम आलं की विजेचा प्रश्न सुटला" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच सांगते की घाई करणारं मूलद्रव्य हे नव्हे.

बाकी उपयोग लहान-सहान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात लाल टोकाची टंगस्टनची कांडी दिसली तर तिच्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतो, ठिणगी सहज धरते म्हणून. जुन्या काही कॅमेऱ्यांच्या भिंगांतही ते असायचं, आणि अशी भिंगं वर्षानुवर्षांनी पिवळी पडतात.

पण हे सगळं वाचत असताना माझ्या मनात एकच चित्र परत परत येत होतं. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी ती पांढरी भुकटी. फू.

थोरियममधून निघणारे अल्फा कण साध्या कागदाने अडतात. आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरही त्यांना पुरतो. बीटा आणि गॅमा पाकिटातून पार होतात, नळीपर्यंत पोचले ते तेच, पण एका बत्तीतून ते फार येत नाहीत. बत्ती शेजारी ठेवून बसलं, पाकीट खिशात घातलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. भीती आहे ती धूळ आत जाण्याची. एकदा फुप्फुसात बसलं की तिथे ना कागद ना कातडी.

हे माणसाला फार वाईट रीतीने कळलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या हाती थोरोट्रास्ट नावाचं द्रावण आलं, थोरियम ऑक्साइडचे बारीक कण असलेलं. ते रक्तवाहिनीत टोचलं की एक्स-रे फोटोत शिरा लख्ख उमटायच्या, कारण थोरियम जड असतं आणि एक्स-रे अडवतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचेही स्पष्ट फोटो त्याने मिळाले. पण शरीर ते बाहेर टाकत नाही. यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात ते बसून राहतं आणि अल्फा कण सोडत राहतं. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांना यकृताचे कर्करोग होऊ लागले. १९५० च्या दशकात ते बंद झालं. जडपणामुळे फोटो सुंदर यायचा, आणि ते न विरघळणारे कण माणसाच्या आत मुक्काम ठोकून राहिले.

हे वाचल्यावर मी किती तरी रात्री नीट झोपले नाही.

आण्णा शेवटची सहा-सात वर्षं खोकायचे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळायची, हे ते मिलमध्ये असल्यापासून सांगायचे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या दम्याची ती खूणच आहे. सोलापुरात गिरणीवाल्यांच्या कितीतरी घरांनी तो खोकला ऐकलाय. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मेंटलमुळे आण्णांना काही झालं असं मी म्हणणार नाही, कारण तसा काही पुरावा माझ्याकडे नाही आणि नसताना म्हणणं हा आण्णांचाही अपमान होईल. चौदा बत्त्यांची राख म्हणजे थोरोट्रास्टची सुई नव्हे. केरळात करुनागापल्लीच्या किनाऱ्यावर लोक पिढ्यान् पिढ्या मोनाझाइटच्या वाळूवर राहतात, तिथे हजारो माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आणि त्या किरणोत्साराने कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. हे वाचून मला बरं वाटलं होतं. तरी बाहेरून लागणारे किरण वेगळे आणि श्वासातून गेलेली भुकटी वेगळी. आणि राग येतो तो याचा की त्या पाकिटावर एक ओळ नव्हती. "फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. हात धुवा." आण्णांना वाचता येत होतं. त्यांनी ऐकलं असतं.

अशी धूळ आमच्या गल्लीत एकट्या आण्णांच्याच वाट्याची नव्हती. शेजारच्या अक्का दिवसभर दारात बसून बिड्या वळायच्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हजार बिड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० असतं. १८९८ मध्येच क्यूरी दांपत्याने शोधलेलं, १३८ दिवसांत निम्मं होणारं. ते बाधतं मुख्यतः ओढणाऱ्याला, धुरातून. वळणाऱ्या बाईच्या अंगात तंबाखूची धूळ आणि निकोटिन जातं, तेच पुष्कळ झालं. पण बघा, पॅरिसमध्ये ज्या वर्षी या दोन गोष्टी उजेडात आल्या, त्या दोन्ही एका भिंतीच्या अल्याड-पल्याड आमच्या गल्लीत नांदत होत्या, आणि दोन्ही घरांत त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. अक्कांना मी खूप उशिरा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता सांगून काय करू पोरी, दोन पोरींची लग्नं यावरच झाली."

आता इट्रियमची मेंटलं मिळतात, ती किरणोत्सारी नाहीत. डब्यातली आमची पाच मात्र जुनीच. यंदा भोगीच्या संध्याकाळी बाबांनी आपणहून माळ्यावरची बत्ती खाली काढली. बाहेरून नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा आवाज येत होता, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू येत होतं. माझी लेक पोत्यावर बसली, सहा वर्षांची आहे. तिने चिंचेने पितळ घासलं. बाबांनी टाकी भरली, पंपाचा वॉशर तेलात भिजवून बसवला. तोंडाशी आण्णांच्या हातचं शेवटचं मेंटल चिकटलेलं होतं, पांढऱ्या पापुद्र्यासारखं. बाबा वाकले. ओठ जवळ नेले.

मी मध्ये हात धरला. ओलं फडकं आधीच पिळून ठेवलं होतं, ते त्यांच्या हातात दिलं.

"आण्णा फुंकायचे," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी फडक्याच्या कोपऱ्याने सगळं पुसून काढलं, सावकाश, एकेक कण. फडकं आतल्या बाजूला घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलं, पिशवीला गाठ मारली, नळावर जाऊन हात धुतले, लेकीचेही धुवायला लावले. मग पाकीट फोडलं, मेंटल चढवलं, दोरा आवळला आणि चुण्या सारख्या करू लागले. कपाळावर तीच आठी आली. एक चुणी त्यांच्या मनासारखी बसेना. त्यांनी दोरा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं.

बांधून झाल्यावर काडीपेटी हातात घेतली आणि मान वर न करता ते म्हणाले, "दार लाव गं."

लेक आधीच उठली होती.